गुत्तेदार जोतीराव

१९९१ ते १९९६ या पाच वर्षांत दिल्लीत एक नवल घडत होते, आणि ते आपल्या मराठवाड्याचे होते. देशाचे गृहमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण. लोकसभेच्या अध्यक्षांच्या आसनावर होते लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर. दोघांनीही दिल्ली गाठण्याच्या कितीतरी आधी आपापल्या गावच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळले होते. नळाला पाणी का आले नाही, नाली कोणी तुंबवली, कंदिलाचे खांब कुठे लावायचे, असल्या तक्रारी ऐकत ही माणसे घडली. नगरपालिका ही किती मोठी शाळा असते, हे सांगायला याहून दुसरा दाखला लागत नाही.

दोघेही वकील होते. आपल्याकडे गावच्या राजकारणात वकिलाला मान मिळतो आणि गुत्तेदाराकडे मात्र संशयाने पाहिले जाते. गुत्तेदार पालिकेत शिरला म्हणजे रस्त्याच्या डांबरावर आणि नालीच्या सिमेंटवर त्याचा डोळा असणार, अशी आपली पक्की समजूत. ती उगीच झालेली नाही. पण महाराष्ट्राच्या इतिहासात एक गुत्तेदार असा होऊन गेला की त्याची पालिकेतली कारकीर्द वाचताना ही समजूत बाजूला ठेवावी लागते. त्याचे नाव आपण शाळेत असल्यापासून घेतो. त्याचे पुतळे नांदेडलाही आहेत, लातूरलाही आहेत. तरी तो बांधकामाचे गुत्ते घेत होता आणि सात वर्षे पालिकेचा सभासद होता, हे आपल्यापैकी थोड्यांच्याच लक्षात असते.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्यातून हंटर शिक्षण आयोगाकडे एक इंग्रजी निवेदन गेले. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा, अशी त्यात मागणी होती. त्या काळी हिंदुस्थानात असे मागणारा माणूस विरळा. निवेदनाखाली सही आहे जोतीराव गोविंदराव फुले यांची, आणि सहीखाली त्यांनी स्वतःची ओळख दिली आहे: मर्चंट, कल्टिव्हेटर आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज. व्यापारी, शेतकरी आणि पालिकेचा सभासद. मुलींची शाळा काढून ३४ वर्षे झाली होती, सत्यशोधक समाज स्थापून नऊ वर्षे झाली होती, ‘गुलामगिरी’ छापून झाली होती. त्यातले काहीही त्यांनी सहीखाली लिहिले नाही. सरकारी आयोगासमोर उभे राहताना त्यांना आपला धंदा आणि आपले पालिकेतले स्थान सांगावेसे वाटले. या तीन शब्दांपाशी मी पुन्हा पुन्हा येतो, कारण त्या माणसाचे उत्तरायुष्य समजून घ्यायची किल्ली मला तिथे सापडते.

आधी धंद्याचे पाहू. घराणे फुलांचे आणि मळ्याचे. पेशव्यांकडे फुले पुरवत म्हणून फुले हे आडनाव पडले. जोतीरावांनी १८६३ च्या सुमारास धातूच्या ओतकामाला लागणारे साहित्य विकण्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे बांधकामाची गुत्ती घेतली. कात्रजच्या बोगद्यासाठी आणि येरवड्याच्या तुरुंगाच्या बांधकामासाठी मजूर पुरवले. १८७० च्या दशकात पुण्याजवळ मुठेवर खडकवासल्याचे धरण उभे राहत होते. देशातल्या पहिल्या मोठ्या दगडी धरणांपैकी ते एक. त्या धरणाला बांधकामाचे साहित्य पुरवणाऱ्यांत जोतीराव होते.

त्या काळचे दगडी बांधकाम म्हणजे काय होते, हे नीट समजून घ्यायला हवे. सिमेंट अजून आपल्या मुलखात रुळले नव्हते. सगळी मदार चुन्यावर. दख्खनच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे गोटे असतात. लातूर-नांदेडकडच्या शेतकऱ्याला ते नांगराच्या फाळाला लागून ठाऊक आहेत. हे गोटे वेचायचे, भट्टीत भाजायचे, पाणी घालून विरवायचे आणि मग वाळूसोबत चुन्याच्या घाणीत, गोल दगडी चाकाखाली, बैलांकडून दळून घ्यायचे. यातले खरे आश्चर्य गोट्याच्या आत आहे. निव्वळ चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो. पाण्याखाली तो विरघळत जातो. पण आपल्या चुनखडीच्या गोट्यांत चिकणमातीचा अंश मिसळलेला असतो. तो भट्टीत चुन्यासोबत भाजला गेला की असा चुना पाण्याशीच संयोग पावतो आणि पाण्यातदेखील दगडासारखा आवळतो. धरणाच्या भिंतीला नेमका हाच गुण लागतो. भट्टी कमी तापली, वाळूत माती राहिली किंवा घाणीचे फेरे चुकवले, तर भिंत वरून तशीच दिसते. आतून मात्र ती कच्ची असते.

दगड तोच असतो, पण त्याला जोडणारे काय आहे यावर सगळे ठरते. हे लातूरच्या माणसाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात हजारो माणसे गेली ती जाडजूड दगडी भिंतींखाली. त्या भिंतींत दगडांना जोडणारी होती ओली केलेली माती, आणि वर माळवदाचा भार होता.

अशा कामावर वावरणाऱ्याला पैसा कुठून निघतो आणि कुठे मुरतो हे दिसत असते. हजेरीपटावर किती नावे आणि खाणीत किती हात, मोजमाप घेणारा कारकून कशाने खूश होतो, बिल कोणाच्या टेबलावर अडते, या गोष्टी वर्गात शिकवल्या जात नाहीत. जोतीरावांनी इंजिनिअर खात्यातल्या लबाडीवर सडकून लिहिले आहे. ते लिखाण वाचले की लिहिणारा माणूस कामाच्या जागी उन्हात उभा राहिलेला आहे, हे लगेच कळते.

आता पालिकेचे. पुण्याची नगरपालिका १८५० च्या दशकाच्या अखेरीस स्थापन झाली. सुरुवातीची काही वर्षे तिथे निवडणूक हा प्रकारच नव्हता. सभासद सरकार नेमत असे. जोतीरावांची नेमणूक १८७६ साली झाली आणि ते १८८३ पर्यंत सभासद राहिले. व्हाइसरॉय रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव १८ मे १८८२ चा, म्हणजे जोतीरावांची सभासदकी संपत आली तेव्हाचा. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाच्या पाठीशी असते ती ताकद त्यांच्याकडे कधीच नव्हती. जे काही केले ते नेमलेला माणूस म्हणून केले. नेमणाऱ्याच्या मर्जीने आलेला माणूस सहसा नेमणाऱ्याच्या मर्जीनेच बोलतो, म्हणून त्यांचे वागणे अधिकच नवलाचे.

पालिकेत जाण्यापूर्वीच पालिकेवर त्यांची नजर होती. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त सरकारी शाळाखात्याबरोबर म्युनिसिपालिटीचाही समाचार घेतलेला आहे. शहरातले पाणी कोणाच्या वस्तीत मुबलक आणि कोणाच्या वस्तीत नाही, हा त्यांचा सवाल होता. पुण्यात त्या वेळी पाणी येई ते बरेचसे पेशवाईत कात्रजहून आणलेल्या नळाने, आणि ते हौदांतून भरले जाई. हौद कुठे आहे आणि त्यावर कोणाला हात लावता येतो, यावर माणसाचा दिवस ठरत असे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. आठ वर्षांनी तेच जोतीराव शहराच्या पाण्याचा विचार करणाऱ्या सभेत बसले.

इथे मला सर्वांत जास्त थक्क करणारी गोष्ट येते. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी साहित्य पुरवले. त्याच धरणातून निघालेला कालवा हडपसरवरून मांजरीकडे जातो, आणि मांजरीला जोतीरावांची साठेक एकर जमीन होती. पुण्याच्या छावणीला आणि शहराला त्याच धरणाचे पाणी मिळू लागले, आणि शहराच्या पालिकेत जोतीराव सभासद होते. एकाच पाण्याला एक माणूस तीन ठिकाणी भेटला: भिंत बांधताना, उसाच्या सरीत आणि पालिकेच्या सभेत. आज आपल्याकडे पाटबंधारे खात्याचा अभियंता वेगळा, लाभक्षेत्रातला शेतकरी वेगळा, पाणीपुरवठा सभापती वेगळा; तिघे एकमेकांना क्वचितच भेटतात आणि भेटले तर भांडतात. जोतीरावांच्या डोक्यात हे तिघे एकत्र नांदत होते. सहीखालचे ते तीन शब्द, व्यापारी, शेतकरी, पालिकेचा सभासद, एका ओळीत का आले असावेत, याचे उत्तर माझ्या मते खडकवासल्याच्या पाण्यात आहे.

सभासद म्हणून त्यांनी काय केले, त्यातले दोन-तीन प्रसंग ठळक आहेत. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना पुण्याला येणार होते. हेच लिटन १८७८ मध्ये देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणणारे, आणि यांच्याच कारकिर्दीत १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळून निघाली होती. स्वागतासाठी शहर सजवायचे, त्याला हजार रुपये खर्च करायचे, असा प्रस्ताव आला. सभेत ३२ सभासद होते. विरोधात मत पडले एकाचे. जोतीरावांचे म्हणणे होते की हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. पण ३१ विरुद्ध एक अशी ती सभा डोळ्यांसमोर आणून पाहा. सरकारी गुत्ती घेणारा माणूस, सरकारनेच पालिकेवर नेमलेला माणूस, सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागताला नाही म्हणतो. पुढचे काम मिळेल की नाही, याची चिंता करणारा गुत्तेदार असे करत नाही.

दुष्काळात ते नुसते सभेत बोलत बसले नव्हते. १८७७ मध्ये धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालवण्यात आले, त्यामागे जोतीराव आणि सत्यशोधक मंडळी होती.

१८८० मध्ये शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा त्यांनी पालिकेचा कारभार पाहणाऱ्या प्लंकेट नावाच्या साहेबाला पत्र लिहून हरकत घेतली. दारूच्या परवान्यातून सरकारला महसूल मिळे. पालिकेच्या एका सभासदाने त्या महसुलाच्या आड यावे, हे साहेबांना कितपत रुचले असेल, याची कल्पना करता येते.

आणि मग मंडई. पुण्यात भाजीबाजारासाठी मोठी, देखणी इमारत बांधायचे घाटू लागले. खर्च लाखांच्या घरातला. जोतीराव विरोधात उभे राहिले. त्यांचे मित्र हरी रावजी चिपळूणकरही त्यांच्यासोबत होते. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ज्याचा धंदा बांधकामाचा, तोच इमारतीच्या विरोधात बोलत होता, आणि हा माणूस स्वतः माळ्याच्या घरातला, भाजीबाजाराची खडान्‌खडा माहिती असलेला. भाजी विकणाऱ्या बाईला उंच मनोऱ्याची गरज नाही, तिच्या मुलाला शाळेची आहे, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. मंडई मात्र झालीच, आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे आचार्य अत्रे पुण्याच्या पालिकेत निवडून आले आणि त्यांच्या पुढाकाराने त्या मंडईला नाव मिळाले महात्मा फुले मंडई. आज तिथे भाजी घेणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल, की ज्यांचे नाव इमारतीवर आहे त्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता? मला हा जोतीरावांचा पराभव वाटत नाही. इमारतीपेक्षा त्यांचे मत जास्त टिकले.

त्यांच्या स्मृतीसाठी पालिकेत वाद झाला तोही एका धंदेवाईक घरातल्या सभासदामुळे. १९२५ मध्ये केशवराव जेधे यांनी पुण्यात फुल्यांचा पुतळा उभारावा असा प्रस्ताव आणला आणि शहर ढवळून निघाले. जेध्यांच्या घरचा पितळी भांड्यांचा कारखाना होता.

कारागीर किंवा व्यापारी माणूस शहराच्या कारभारात शिरला की काय होऊ शकते, याचे दुसरे टोक पाहायचे तर ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाकडे वळावे लागते. याकोब रॉयमान हा १८५३ साली तिथे जन्मला आणि कातारकाम शिकला. चरकावर लाकूड कातणारा कारागीर. त्यातून तो कामगार चळवळीत आला, तिच्या वर्तमानपत्राचा संपादक झाला, १९०० साली शहराच्या सभागृहात गेला. पहिल्या महायुद्धानंतर राजेशाही गेली. मे १९१९ मध्ये व्हिएन्नात स्त्री-पुरुष सर्वांना समान मत असलेली पहिली पालिका निवडणूक झाली, तेव्हा त्याच्या पक्षाला १६५ पैकी १०० जागा मिळाल्या आणि हा कातारी शहराचा महापौर झाला. व्हिएन्नात कामगार तेव्हा अंधाऱ्या भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहत. सप्टेंबर १९२३ मध्ये पालिकेने पाच वर्षांत २५,००० घरे बांधायचे ठरवले, आणि त्यासाठी घरांवर असा कर बसवला की आलिशान घरांना जास्त भार पडावा. १९३४ पर्यंत ६० हजारांवर घरे उभी राहिली. त्यातल्या एका मोठ्या वसाहतीला आज रॉयमानचे नाव आहे. शहरात पहिले शवदाहगृह सुरू करायला केंद्रीय मंत्र्याने मनाई केली, तेव्हा रॉयमानने डिसेंबर १९२२ मध्ये ते उघडलेच. प्रकरण घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले आणि तो निर्दोष ठरला.

रॉयमान आणि जोतीराव यांच्यात हट्टाचा फरक नव्हता. फरक संख्येचा होता. एकामागे १०० जण होते, दुसरा ३२ जणांत एकटा होता. जोतीरावांच्या मागे असे बहुमत असते तर पुण्यात १८८० मध्ये काय काय झाले असते, हा विचार माझा पाठलाग सोडत नाही.

पालिकेतली मुदत संपत आली तेव्हा, १८८३ मध्ये, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. या पुस्तकाविषयी आपण बोलतो ते बहुतेक सावकारी आणि भटशाही यांच्या अंगाने. त्यातले पाण्याविषयीचे भाग मात्र गुत्तेदाराच्या आणि कालव्यावरच्या शेतकऱ्याच्या लेखणीतून उतरले आहेत. पाटबंधारे खाते पाणीपट्टी घेते आणि पाणी वेळेवर देत नाही, असे ते तक्रारीच्या सुरात सांगतात. जमिनीच्या मानाने मोजून पाणी मिळावे म्हणून तोट्या बसवा, असे सुचवतात. पाण्याला मीटर लावण्याची चर्चा आपण आज नवी म्हणून करतो. पुढे ते सांगतात: रिकाम्या फौजेकडून आणि पोलिसांकडून ताली आणि बंधारे घालून घ्या, म्हणजे पावसाचे पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्याला मिळेल. डोंगरदऱ्यांतून तळी करा. नद्या-तळ्यांतला गाळ शेतकऱ्यांना नेऊ द्या. पाणाड्यांकडून गावोगावची पाण्याची ठिकाणे शोधून ती गावच्या नकाशावर नोंदवा, आणि तिथे स्वखर्चाने विहीर खोदणाऱ्याला बक्षीस द्या.

आता २०१६ आठवा. मांजरा धरण कोरडे पडले होते. लातुरात टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूर स्टेशनात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. ज्या शहराला साडेतीनशे किलोमीटरवरून नदीचे पाणी रुळांवर आणावे लागले, त्या शहरातल्या माणसाने ‘असूडा’तली ती यादी वाचावी. ताली, बंधारे, गाळ काढणे, भूजलाचा नकाशा. २०१७ मध्ये राज्याने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आणली. धरणातला गाळ शेतकऱ्याने न्यावा, ही तिच्यातली मध्यवर्ती गोष्ट १८८३ च्या हस्तलिखितात होती. ते हस्तलिखित लिहिणाऱ्याने कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात पाऊल ठेवले नव्हते. दगड-चुन्याचा धंदा आणि मांजरीचा मळा एवढीच त्याची शाळा होती.

जोतीरावांना समाजसुधारक म्हणून आपण देव्हाऱ्यात बसवले आणि त्यांच्या हाताची चुन्याची पांढरी धूळ पुसून टाकली, असे मला वाटते. ती पुसायला नको होती. तिच्यामुळेच त्यांना हजार रुपयांच्या रोषणाईत शाळेची फी दिसली आणि मंडईच्या मनोऱ्यात न बांधलेल्या शाळा दिसल्या.

नांदेड-लातूरच्या वाचकाला माझी एकच विनंती आहे. ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ राज्य सरकारने प्रकाशित केले आहे आणि आपल्या गावच्या वाचनालयात ते बहुधा मिळेल. त्यातला ‘शेतकऱ्याचा असूड’ काढा, त्यातही उपाय सांगणारे शेवटचे प्रकरण. पाण्याची ती पाने वाचा. आणि तुमच्या ओळखीचा एखादा नगरसेवक असेल, तो गुत्तेदार असला तर आणखीच चांगले, त्यालाही वाचायला द्या.